मारुती ८०० चं सर्व्हिस मॅन्युअल: मूळ प्रत मिळवा, झेरॉक्स नको

बाबांची १९९७ ची मारुती ८०० अजून आमच्या अंगणात उभी असते. प्लग, ऑइल, ब्रेक शू अशी कामं घरीच करायचं ठरवलं आणि ऑनलाइन साडेचारशे रुपयांना सर्व्हिस मॅन्युअल मागवलं. हातात आलं ते स्पायरल बाइंडिंगचं झेरॉक्स. विकणाऱ्याने हे कुठेच सांगितलं नव्हतं.

राग पैशांचा नाही. प्लग बसवताना किती घट्ट करायचा ते पाहिलं, तर पानावर २५ किलोग्रॅम-मीटर. माझा टॉर्क रेंच, म्हणजे मोजून घट्ट करायचा पाना, न्यूटन-मीटरचा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, म्हणजे हिशेब गेला २४५ वर. एवढा जोर चाकाच्या नटालासुद्धा लावत नाहीत! हात तिथेच थांबला. ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे मूळ छापील प्रत आहे, ती उघडली, तर आकडा २.५. झेरॉक्समध्ये टिंब उडालं होतं. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले असते, म्हणजे मोठाच खर्च.

काकांनी मूळ प्रत महिनाभर वापरायला दिली आणि मी तिच्या प्रेमात पडले. मागच्या ड्रम ब्रेकची सुट्या भागांची आकृती इतकी स्वच्छ आहे की कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात अडकते हे बोट ठेवून दाखवता येतं. तरीही मी एका वेळी एकच बाजू उघडली, दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवली. ड्रममधली काळी भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

एक उणीव मात्र आहे. हे पुस्तक वर्कशॉपसाठी लिहिलंय. तिथे लिफ्ट असते, शेजारी दुसरा माणूस असतो. 'गाडी उचला' या दोन शब्दांत घरच्या माणसाचं अर्धं काम येतं: सपाट फरशी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा आणि जॅकने उचलल्यावर लगेच खाली जॅक स्टँड, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा पक्का आधार. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही. शेजारी दुसरं माणूस हवं म्हणून आईला कट्ट्यावर बसवून ठेवते.

घेण्याआधी आपलं मॉडेल तपासा. माझी गाडी कार्बोरेटरची. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत पेट्रोलच्या नळीत दाब असतो, तो आधी उतरवावा लागतो. तिथे माझ्या गाडीचं पुस्तक चालणार नाही.

मूळ प्रतीला पाचपैकी साडेचार, झेरॉक्सला एक, तोही आकृत्यांपुरता. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) प्रकरण मी दोनदा वाचलं आणि त्या कामाला गाडी काकांच्या गॅरेजवर नेली. पुस्तक घेऊन शेजारी उभी राहिले.