भिंगरीची गाडी, सात महिन्यांनंतर: बाकी सगळं ठीक, पण तो वेल्क्रो!

परवा सकाळी साडेसहाला आमची भिंगरी, मागचे पाय न चालणारी कुत्री, तिच्या चाकांच्या गाडीतून घसरली. पोटाखालचा पट्टा चर्रकन सुटला, मागचं धूड एका बाजूला लोंबायला लागलं आणि बाई तशाच मांजरामागे निघाल्या. गाडी तिरकी, चाक एकच टेकलेलं, आणि मागून मी, एक चप्पल पायात नि एक हातात. महिनाभर हा रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणत होते. आज मुहूर्त लागला तो असा.

पहिल्या आठवड्यात मी चार स्टार दिले होते. दुसऱ्या महिन्यात रागाने दोन केले. आता परत बदलायचेत.

मॉडेल तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं असेल. मागच्या पायांसाठीची दोन चाकांची गाडी, ॲल्युमिनियमच्या नळ्या, बटण दाबून लांबी-रुंदी-उंची कमीजास्त करायची. ते पुन्हा उगाळत नाही. पण वाचायला मिळतात ते बहुतेक अनुभव म्हाताऱ्या किंवा अपघात झालेल्या कुत्र्यांचे असतात. जन्मापासून मागचे पाय नसल्यासारखेच असलेल्या पिल्लाचं गणित वेगळं असतं, म्हणून थोडं मागचं सांगते.

भिंगरी मिळाली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती. वाळूच्या ढिगामागून तीन पिल्लं मला बघून पळाली आणि चौथं पोट ओढत, पुढच्या दोन पायांवर, त्यांना गाठायला निघालं. मला वाटलं, कुठल्या तरी चाकाखाली आलं असणार. एक्स-रेमध्ये मोडलेलं काहीच नव्हतं. पाठीतला एक मणकाच अर्धवट, पाचरीसारखा तयार झाला होता. डॉक्टरांनी त्याला हेमिव्हर्टिब्रा म्हटलं. मग त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. तिने पाय आखडून घेतला आणि मी खूश झाले. डॉक्टर म्हणाले, थांबा. पाय आखडणं हा मज्जारज्जूचा परस्पर व्यवहार असतो, मेंदूपर्यंत खबर जातेच असं नाही. तिने मान वळवून बघायला हवं, किंवा ओरडायला तरी हवं. डाव्या पायाच्या वेळी ती खिडकीबाहेर बघत बसली. उजव्या पायाला जोरात दाबल्यावर मात्र गर्रकन वळून डॉक्टरांना चावली. "छान," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

नाव नवऱ्याने ठेवलं. म्हणाला, पायाला भिंगरी लागते तशी हिच्या दोनच पायांना लागलीय.

पहिले अडीच महिने गाडी घेतलीच नाही. एक तर मी चिकट. दुसरं म्हणजे वाढतं पिल्लू, आज घेतलेलं माप पंधरा दिवसांत खोटं. तोवर घरात जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून मागचा भाग त्यात घालायचा, म्हणजे गुडघे आणि बोटं फरशीवर सोलून निघत नाहीत. दिवसातून तीनदा मागचे पाय हातात धरून सायकल मारल्यासारखे फिरवायचे, सांधे आखडू नयेत म्हणून. हे सगळं फुकटात होतं आणि गाडी आल्यावरही सुटत नाही. गाडी आली की पायांचा व्यायाम संपला असं समजणाऱ्यांसाठी सांगितलं.

ती चार महिन्यांची झाली तेव्हा गाडी आली. मापाबद्दल एकच सांगते, कारण आमचं पहिल्यांदा चुकलं. मागच्या पायाची उंची कुत्रं लोळत असताना घ्यायची नाही. कुणीतरी मागचा भाग उचलून, पाठ जमिनीला समांतर ठेवून धरायचं आणि मग जमिनीपासून मांडी पोटाला मिळते त्या घडीपर्यंत टेप लावायची. मी बसल्या बसल्या घेतलं. गाडी उंच झाली, ढुंगण वर आणि सगळा भार पुढच्या खांद्यांवर. दहा मिनिटांत बिचारी जीभ काढून उभी. दोन भोकं खाली केल्यावर पाठ सरळ झाली आणि मागची बोटं जमिनीला नुसती शिवायला लागली. तेवढीच शिवायला हवीत, थोडीफार संवेदना असलेल्या कुत्र्याला त्यातून पाय हलवायची सवय राहते. घासायला लागली तर मोजे, नाहीतर पाय मागच्या लूपमध्ये अडकवून वर घ्यायचे.

पहिल्या दिवशी ती गाडीत पुतळ्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी एक फुलपाखरू आलं. त्यानंतर मला तिच्या मागे पळावं लागतंय ते आजतागायत.

चार स्टार त्या दिवशी दिले.

आता वेल्क्रोकडे वळते. या गाडीत पाच पट्टे आहेत आणि पाचही वेल्क्रोचे. छातीला दोन, पोटाला एक, मांड्यांना दोन. वेल्क्रोच्या एका पट्टीवर बारीक आकडे असतात, दुसऱ्यावर मऊ फासे. आकड्यांत केस भरले की फासे धरायला जागाच उरत नाही. पिल्लाची मऊ लव साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात झडून मोठेपणीचे केस येतात, आणि आमची गाडी नेमकी त्याच मुहूर्तावर आली. तीन आठवड्यांत पोटाचा पट्टा म्हणजे नमदा झाला होता. मी टाचणीने केस उपसले. मग जुन्या टूथब्रशने. मग दुसऱ्या वेल्क्रोच्या तुकड्याने ओरबाडून. रोज रात्री पाच पट्टे, एकेक केस. स्वेटरचे गोळे काढावेत तसं.

गंमत बघा. हा वेल्क्रो ज्याने शोधला तो जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर १९४१ साली कुत्र्याला घेऊन रानात फिरायला गेला होता. परत आला तर कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं चिकटलेली. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर टोकांना आकडे दिसले, आणि त्यावरून ही पट्टी सुचली. पेटंट मिळायला १९५५ उजाडलं. म्हणजे जी वस्तू कुत्र्याच्या केसांना चिकटण्यातूनच जन्मली, ती कुत्र्याच्या पोटाला बांधायची आणि वर आशा करायची की केस चिकटणार नाहीत! गाडी डिझाईन करणाऱ्याच्या घरी कुत्रं नसावं. मासा असेल.

कस्टमर केअरला लिहिलं. फोटो पाठवा म्हणाले, पाठवला. व्हिडिओ पाठवा म्हणाले, तोही पाठवला, त्यात मागे नवरा 'अगं सोड ना आता' म्हणताना ऐकू येतो. मग उत्तर आलं की पट्ट्यात केस अडकणं ही सामान्य झीज आहे, ती वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, गाडी कुत्र्यासाठी आहे ना? त्यावर "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." एकोणीस दिवसांनी न सांगता नवे पट्टे आले, मोठ्या साइझचे. पोटाला दोन वेढे बसतात. इथे दोन स्टार झाले.

मग मी स्वतःच धंदा केला. मुलाच्या टाकून दिलेल्या दप्तराच्या चटकन अडकणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा कापल्या आणि पोटाच्या आणि मांडीच्या पट्ट्यांना हाताने शिवल्या. खटकन लागतात, खटकन सुटतात, केसांचा प्रश्नच नाही. दहा दिवस मी कॉलर ताठ करून हिंडले. अकराव्या दिवशी आंघोळ घालताना डाव्या मांडीच्या आत नाण्याएवढी जागा केस जाऊन लालभडक झालेली दिसली. क्लिप टोचत होती. कुठलंही दुसरं पिल्लू पहिल्याच दिवशी किंचाळलं असतं. हिचा तो पाय तिला सांगतच नाही काही. जखम आणखी चार दिवस राहिली असती तर चिघळली असती, आणि मला दिसली ती निव्वळ आंघोळीचा वार होता म्हणून. तेव्हापासून गाडी काढली की हात आधी मांड्यांच्या आत फिरतो, मग बाकीचं. क्लिपा उसवल्या. वेल्क्रो परत. तोंड पाडून.

आणि पाचव्या महिन्यात या वेल्क्रोबद्दलचं माझं मत थोडं हललं, ते असं. गाडीची चाकं अंगापेक्षा दोन्हीकडे चांगली चार बोटं रुंद असतात, आणि हे कुत्र्याला कधीच कळत नाही. डोकं गेलं म्हणजे सगळं जाणार, असा तिचा हिशेब. ती फाटक आणि भिंतीच्या फटीत घुसली. उजवं चाक अडकलं. ती घाबरली, हिसके द्यायला लागली, पाठ पिळवटली जातेय हे मला अलीकडून दिसत होतं आणि फाटक तिच्याच अंगाने बंद झालेलं. मी वरून चढेपर्यंत चर्र, चर्र असा आवाज झाला, केसाळलेले पट्टे एकापाठोपाठ एक सुटले, आणि ती अलगद खाली घसरून पोट ओढत माझ्याकडे आली. गाडी तिथेच फटीत. क्लिपा असत्या तर त्या सुटल्या नसत्या, त्या आधीच वाकड्या असलेल्या मणक्याचं काय झालं असतं हा विचार मी करत नाही.

म्हणून आता छातीला क्लिप (तिथे तिला सगळं कळतं, टोचलं तर सांगते), पोटाला आणि मांड्यांना वेल्क्रो. कंपनीने हेच करून दिलं असतं तर माझी दोन बोटं भोसकली गेली नसती. आणि गाडीत असताना तिला नजरेआड करायचं नाही. तसंही गाडीत धड बसता-आडवं होता येत नाही, त्यामुळे दमायच्या आत काढायचीच. आम्ही दहा मिनिटांपासून सुरुवात केली, आता पाऊण तासावर जात नाही.

ज्याची कुठल्याही जाहिरातीत ओळ नाही असा एक फायदा मात्र सांगायलाच हवा. भिंगरीला लघवी स्वतःहून पूर्ण होत नाही. दिवसातून चार वेळा पोट दाबून काढावी लागते, नाहीतर मूत्राशयात साचून संसर्ग होतो. डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं होतं, तसंच कुणाकडून तरी शिका, वाचून करू नका. मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी पंजे ठेवायचे, पाणी भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं, मग घाई न करता शेपटीकडे दाबत न्यायचं. पूर्वी हे करताना मी तिला गुडघ्यांत धरायचे. ती वळवळायची, अर्धी लघवी माझ्या अंगावर आणि अर्धी आतच. गाडीत ती सरळ उभी असते. दोन्ही हात मोकळे. चाळीस सेकंदांत काम, बाई तोवर पलीकडच्या मांजराची टेहळणी करतात. चौथ्या महिन्यापासून संसर्ग झालेला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही गाडी पुन्हा घेईन, वेल्क्रोसकट.

बाकी किरकोळ. फोमची चाकं पंक्चर होत नाहीत, पण खडीवर आवाज करतात. बटणाच्या भोकांत माती जाते. नळीच्या टोकाची काळी बुचं पहिल्या महिन्यातच गेली, त्यातलं एक तिच्या पोटातून परत आलं. ती आता अकरा महिन्यांची आहे, लांबीचं एकच भोक शिल्लक आहे, आणि डॉक्टर म्हणतात आता फारशी वाढणार नाही. चिकट माणसाला याहून गोड वाक्य नाही.

तर तीन स्टार. साडेतीन देता येत नाहीत म्हणून तीन. गाडी आत्ता ओट्याशेजारी उलटी पडली आहे, परवाच्या पट्ट्यातले केस काढायचेत, आणि टूथब्रश भिंगरीने पलंगाखाली नेऊन ठेवलाय.