फ्रिजवरचा आठवडा: गुगल कॅलेंडर, सहा माणसं आणि एक शाईपिता प्रिंटर (वर्षभर वापरल्यानंतर)

गेल्या आठवड्यात प्रिंटरचे दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले आणि कॉम्प्युटरवर मेसेज आला की इंक पॅडची मुदत संपली, सर्व्हिस सेंटरला संपर्क करा. शाई आहे, कागद आहे, काही तुटलेलं नाही, पण छापणार नाही म्हणजे नाही. त्या रागात लिहायला बसलेय, त्यामुळे प्रिंटरबद्दल गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका. कॅलेंडरबद्दल मात्र बरं बोलणार आहे, बहुतेक.

आधी घर सांगते म्हणजे हा खटाटोप कशाला ते कळेल. आई-बाबा (सासूसासरे), हे, मी, मुलगी नववीत, मुलगा चौथीत. आम्ही नाशिकला. ह्यांची एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, दर आठवड्याला बदलणारी, सुट्टी शनिवारी. धाकटे दीर म्युनिकला. मुलीचे क्लासेस, मुलाचं स्विमिंग, बाबांची फिजिओथेरपी, आईंचं भजनी मंडळ, आणि ह्या सगळ्यात स्कूटर एक नि गाडी एक. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं सकाळचं संध्याकाळी वर कुठेतरी वाहून गेलेलं असतं. म्हणून गुगल कॅलेंडर. आणि आई फोन वापरतात तो यूट्यूब नि नातवंडांचे फोटो बघायला, कॅलेंडर अ‍ॅप उघडणं त्यांना जमणार नाही असं नाही, त्यांना ते करायचं नाहीये, म्हणून प्रिंट.

शेअर कसं करायचं, इव्हेंट कसा टाकायचा वगैरे सगळ्यांना येतं, ते लिहीत नाही. एकच सांगते. गुगलवर फॅमिली ग्रुप केला की फॅमिली नावाचं एक कॅलेंडर आपोआप तयार होतं (ग्रुपमध्ये जास्तीत जास्त सहाजण, आमचं घर बरोबर बसतं) आणि बहुतेक लोक सगळ्यांचं सगळं त्यातच टाकतात. ऑनलाइन बघायला ते ठीक आहे. छापायचं असेल तर प्रत्येकाचं वेगळं कॅलेंडर करा, कारण डावीकडच्या यादीत ज्याच्यावर टिक असते तेवढंच छापलं जातं. आईंना मुलीच्या केमिस्ट्रीच्या टेस्टशी काय करायचंय, त्यांच्या कागदावर त्या स्वतः, बाबा नि ह्यांची शिफ्ट एवढं असलं की झालं. ज्यांचं स्वतःचं अकाउंट नाही त्यांच्या नावाचं कॅलेंडरही आपल्या अकाउंटमध्ये उघडता येतं, फक्त नवीन कॅलेंडर कॉम्प्युटरवरूनच करता येतं, फोनच्या अ‍ॅपमधून नाही. छपाईचंही तेच, फोनमध्ये तो ऑप्शनच नाही.

शिफ्टचं कोडं मात्र फार सुंदर सुटलं. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा तीनच नोंदी टाकल्या, प्रत्येक दर तीन आठवड्यांनी रिपीट, वार रवि ते शुक्र, आणि सुरुवात एकेका आठवड्याच्या अंतराने. बास. वर्षभराच्या शिफ्ट बसल्या. कोणाशी अदलाबदल झाली की त्या एका दिवसावर जाऊन ‘फक्त हा इव्हेंट’ निवडून बदलायचं. पूर्वी मी दर रविवारी ‘अहो, ह्या आठवड्यात काय?’ विचारायचे, आता हेच कधीकधी फ्रिजवर बघून निघतात.

आता रंग. ह्या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे.

सगळे व्हिडिओवाले सांगतात की प्रत्येकाला एक रंग द्या. गुगलमध्ये इव्हेंटला अकरा रंग मिळतात, त्यांची नावंही मजेशीर, टोमॅटो, बनाना, ग्रेप अशी. आम्ही अख्खी संध्याकाळ घालवून रंग वाटले, मुलाने बनाना घेतला कारण नाव आवडलं. छापताना रंगाचे तीन प्रकार येतात, फुल कलर, आउटलाइन आणि ब्लॅक अँड व्हाइट. फुल कलरमध्ये प्रत्येक नोंदीची अख्खी पट्टी रंगाने भरून येते. ह्यांची आठ तासांची शिफ्ट म्हणजे आठ तास उंचीचा निळा ठोकळा, तोही आठवड्यात सहा. कागद हातात घेतला तर ओला लागत होता! कशासाठी? त्या ठोकळ्यात माहिती एका शब्दाची, ‘सेकंड’. बाकी सगळी शाई. मग आउटलाइन केलं, तर फक्त कडा रंगीत, शाई वाचली, पण बनाना दिसेना. पांढऱ्या कागदावर पिवळी रेघ, तीही आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली. मुलाचं स्विमिंग आहे की नाही ते कळायला कागद खिडकीशी न्यावा लागायचा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळे सारखेच राखाडी, म्हणजे रंगांची ती संध्याकाळ वाया.

शेवटी जे चाललं ते अगदी साधं आहे. नोंदीच्या नावात पहिलं अक्षर माणसाचं. ‘आ भजन’, ‘बा फिजिओ’, ‘ता क्लास’, ‘पि स्विमिंग’. हे काळ्या शाईत दिसतं, झेरॉक्सवर दिसतं, चष्म्याशिवायही दिसतं. आणि अक्षर पहिलंच हवं, कारण महिन्याच्या व्ह्यूमध्ये घर लहान असतं, ए-फोर आडवा धरला तरी एका दिवसाला चारेक सेंटिमीटर रुंदी येते, त्यात लांब नाव शेवटून कापलं जातं. ‘फिजिओथेरपीसाठी बाबांना घेऊन जाणे’ असं लिहिलंत तर बाबा कापले जाणार. स्क्रीनवर रंग ठेवा की, हवे तितके. कागदावर रंग हा निव्वळ शाई विकायचा धंदा आहे असं माझं ठाम मत झालंय आणि ते मी नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय.

व्ह्यूबद्दल थोडक्यात. वीक व्ह्यू दिसायला छान, पण नाईट शिफ्ट मध्यरात्री तुटून दोन रकान्यांत जाते, अर्धी रविवारी खाली, अर्धी सोमवारी वर. आईंना वाटलं हे दोनदा कामावर जातात. शेड्यूल व्ह्यू म्हणजे सरळ यादी, तारीख, वेळ, काम. दिसायला रेल्वेच्या चार्टसारखी पण आईंना तीच आवडली, फॉन्ट साइज मोठा निवडता येतो, आणि अगदी एका पानात नाही मावली तर दुसऱ्यावर दोन ओळी जातात. त्यामुळे आता आईंना आठवड्याची यादी, आणि फ्रिजवर सगळ्यांसाठी महिना.

महिन्याचं एक आहे. शनिवारी सुरू होणारा एकतीस दिवसांचा महिना आला, जसा २०२६ चा ऑगस्ट, की सहा ओळी होतात आणि प्रत्येक घर आणखी बुटकं होतं. आपल्याकडची भिंतीवरची कॅलेंडरं हुशार, वार डावीकडे उभे आणि ३०-३१ तारखा पहिल्याच रकान्यातल्या रिकाम्या घरांत बसवतात. हे शहाणपण अजून कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलं नाही.

आता प्रिंटर. इंक टँकवाला, नाव सांगत नाही. घेताना गणित असं की बाटलीत हजारो पानं निघतात, म्हणजे पान जवळजवळ फुकट. आणि मी काटकसरी, रंग बंद केल्यावर तर आठवड्याला दोन काळी पानं, बाकी मुलांचं अधूनमधून प्रोजेक्ट. तरी रंगीत बाटल्यांची पातळी उतरतच होती. मला आधी वाटलं मुलं गपचूप काहीतरी छापतायत. नंतर कळलं की इंकजेटला (हा टँकवालाही त्यातलाच) पडून राहणं सोसत नाही, हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, शाई वाळते, मग रेघा येतात, मग आपण हेड क्लीनिंग करतो, आणि प्रत्येक क्लीनिंगला चांगली शाई नळीतून ओढून आत एका स्पंजात सोडली जाते. तो स्पंज म्हणजेच पॅड. प्रिंटर त्याचा हिशोब ठेवतो आणि आकडा भरला की छपाई बंद. म्हणजे मी बाहेर वाचवत होते ती शाई हा आतल्या आत पीत होता. एवढी चीड मला गॅसचं बिल वाढल्यावरही आली नव्हती.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, “मॅडम, बोर्ड गेला असणार, अठ्ठावीसशे होतील.” मी म्हटलं, “अहो दादा, स्क्रीनवर पॅड लिहिलंय, तुम्ही बोर्ड कुठून काढलात?” तर “आणा, बघू.” वॉरंटी एक वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते. पानं कुठे झाली होती, पण वर्ष उलटून पंधरवडा गेला होता. पंधरवडा! गेले, काउंटरवर मशीन ठेवलं, मेसेजचा फोटो दाखवला, आणि बोर्डाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. नवीन पॅड, प्रिंटरमधला तो आकडा पुन्हा शून्यावर, मजुरी धरून नऊशे. पावती मागितल्यावर चेहरा पडला, पण दिली. कोणाला असंच सांगितलं तर बोर्डाला होकार देण्याआधी स्क्रीनवरचा मेसेज त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा.

तिथल्याच एका पोरसवद्या मुलाने निघताना सांगितलं की काकू, आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा, मग क्लीनिंग लागणारच नाही. म्हणजे वर मी रंगाबद्दल एवढं जे बोलले त्यात आता थोडी सूट द्यावी लागतेय. सध्या फ्रिजवरचा महिना दर रविवारी आउटलाइनमध्ये रंगीत छापते, अक्षरं तशीच ठेवून, आणि बनाना रद्द करून मुलाला टोमॅटो दिलाय. रेघा अजून तरी आलेल्या नाहीत. फुल कलर मात्र नाही म्हणजे नाही.

प्रिंटर दुरुस्तीत होता तेव्हा गंमत झाली. कॉम्प्युटरवर प्रिंटऐवजी पीडीएफ सेव्ह केली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केली, भाजी आणायला गेले तेव्हा कागद उचलले. पानाला तीन रुपये. दोन पानांचे सहा. वर्षाला तीनशेच्या आसपास! नऊशेची ती पावती समोर ठेवून हा गुणाकार केला तेव्हा ह्यांनी शहाण्यासारखं तोंड बंद ठेवलं.

कागदाचा खरा उपयोग मला वाटला होता त्याहून वेगळाच निघाला. आई त्यावर लिहितात. दुधाचं ‘१॥’, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींचे खाडे, हे सगळं त्या आधी कालनिर्णयवर लिहायच्या, आता ह्या कागदावरही. चांगलंच की, पण पेनाने लिहिलेलं फोनला कसं कळणार? एकदा गुरुवारच्या घरात बारीक अक्षरात ‘डोळे डॉ. ४’ लिहिलेलं, आणि कॅलेंडरमध्ये त्याच वेळेला गाडी मुलीच्या क्लासला दिलेली. बाबा तयार होऊन खुर्चीत बसलेले, गाडी गंगापूर रोडला. तेव्हापासून मुलीचं काम ठरलंय, रोज रात्री फ्रिजसमोर उभं राहायचं, पेनाचं काही नवीन असेल तर फोनमध्ये टाकायचं. नोंदीमागे एक रुपया घेते. परवडतं.

दिरांचा व्हिडिओ कॉल रविवारी त्यांच्या चार वाजता. त्यांनी तो जर्मन वेळेत टाकलाय म्हणून आपल्याकडे साडेसात दिसतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल आपोआप साडेआठला सरकतो. फोनमध्ये बरोबर, महिन्याआधी छापलेल्या कागदावरही बरोबर असतं, कारण ते आधीच हिशोब करून ठेवतं. हे मला खरंच आवडलं. आईंना नाही, त्या म्हणतात कागद चुकलाय, तो दर वेळी साडेसातलाच करतो.

राहता राहिली तिथी. तिथे हे कॅलेंडर आमच्या उपयोगाचं नाही. दर महिन्याला, दर वर्षाला असं रिपीट देता येतं ते इंग्रजी तारखेने. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे थेट १४ सप्टेंबर. वार्षिक रिपीट लावलं तर गणपती अठरा दिवस आधी बसतील. सणांचं तयार कॅलेंडर जोडता येतं हो, पण आईंना लागते संकष्टी नि तिचा चंद्रोदय, दोन्ही एकादश्या, आणि आजेसासऱ्यांची तिथी. म्हणून सध्या जुगाड असा आहे की नवीन कालनिर्णय आलं (ते निघायला लागलं १९७३ ला, आईंच्या लग्नाच्याही आधी, त्यामुळे त्यापुढे गुगलचं काही चालत नाही) की आई वाचतात आणि मी एक्सेलमध्ये उतरवते. एका रकान्यात नाव, एकात तारीख, वर इंग्रजीत सब्जेक्ट आणि स्टार्ट डेट हेच शब्द, तारीख महिना आधी धरून ०५/३०/२०२६ अशी, सीएसव्ही (एक्सेलच्याच ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये मिळणारी साधी फाइल) म्हणून सेव्ह करून कॉम्प्युटरवरून कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट. तासाभराचं काम, अधिक महिना असला की संकष्टी एक आणि एकादश्या दोन जास्त. ‘तिथी’ नावाचं वेगळं कॅलेंडर करून त्यातच इम्पोर्ट करा, काही बिघडलं तर तेवढंच उडवता येतं.

तर कॅलेंडरला पाचपैकी चार. प्रिंटरला आधी शून्य देणार होते, त्या मुलाच्या सल्ल्यामुळे दीड. पुन्हा घ्यायची वेळ आली तर साधा काळा-पांढरा लेझर घेईन, महिनाभर पडून राहिला तरी त्यात वाळायला काही नसतं, आणि प्रोजेक्टची रंगीत चित्रं झेरॉक्सवाल्याकडे. तोपर्यंत हा चालेल तेवढा चालवायचा, नऊशे वसूल होईपर्यंत तरी.