बीपीसाठी आधी चालणं धरावं की आधी मीठ सोडावं?

बीपीची गोळी सुरू झाली की दोन सल्ले हमखास मिळतात: रोज चाला आणि मीठ कमी करा. दोन्ही खरे आहेत. पण दोन्ही एकदम धरले की पंधरा दिवसांत दोन्ही सुटतात, असं मी आमच्या दारव्हा तालुक्यात कितीतरी घरी पाहिलं. म्हणून आधी कोणतं धरावं या विचारात जो आहे, त्याच्यासाठी लिहितो. तीन वर्षांपूर्वी उपकेंद्रात माझं 158/96 निघालं, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

मी चालण्यापासून सुरुवात केली, कारण त्यात घरच्यांना काही तोशीस नाही. ‘दिवसभर वावरात चालतोच की’ असं आपण म्हणतो, पण डवऱ्यामागं थांबत-थांबत चालणं वेगळं आणि थोडा दम लागेल असं अर्धा तास सलग चालणं वेगळं. आठवड्याला 150 मिनिटं तरी व्हावीत असं सांगतात. दिवाळीपासून होळीपर्यंत ती झाली. झोप सुधारली, आणि सकाळचा खर्राही मागं पडला. तंबाखूनं बीपी चढतं, तेव्हा हा फायदा लहान नाही.

अडलं ते आमच्या काळ्या मातीपाशी. मृगाचा पाऊस पडला की पांदणीत पाऊल टाकलं तर चप्पल खाली राहते आणि नुसता पाय वर येतो. काडीनं चिखल खरवडायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचा. डांबरी रस्त्यावर जावं तर साइडपट्टी नाही, पहाटेच्या अंधारात मागून ट्रक येतात. असं दसऱ्यापर्यंत चालतं. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. म्हणजे अर्धं वर्ष गेलंच. त्या ऑगस्टमध्ये माझं वरचं बीपी पुन्हा 150 च्या पुढं गेलं.

मग मिठाकडं वळलो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आम्ही घरात चौघं. त्या हिशेबानं एक किलोचा पुडा 50 दिवस पुरायला हवा. पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाकली. तो 28 दिवसांत संपला! लोणच्याचं खडे मीठ तर आम्ही वेगळं आणतो.

आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद केलं. ठेच्यात मीठ अर्धं करून लिंबू वाढवलं. जवसाच्या चटणीत लसूण आणि आंबाडीच्या भाजीत आंबटपणा आधीच असतो, तिथं कमी मीठ कळलंसुद्धा नाही. चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, मात्र पहिले पंधरा दिवस अळणी लागलं, आई रोज ताटात मीठ मागायची. तिसऱ्या आठवड्यात शेजारून वरण आलं, ते तिलाच खारट लागलं.

आता पुडा 44 दिवस जातो. गोळी तीच, उपकेंद्रातलं मशीनही तेच, आणि बीपी 136/84 च्या आसपास असतं, पावसाळ्यातही. हा माझ्या एका घराचा अनुभव, सगळ्यांना इतकाच फरक पडेल असं म्हणवत नाही. पण आईचंही बीपी उतरलं, आणि ती काही चालायला जात नव्हती.

सैंधव घेऊन समाधान मानू नका, त्यातही बहुतेक सोडियमच असतं. कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारूनच आणा. मीठ कमी करायचं आहे, बंद नाही. मे महिन्यात वावरात राबणाऱ्यानं तर मुळीच बंद करू नये. आणि आकडा उतरला म्हणून आपल्या मनानं गोळी सोडू नका.

ज्याचं वजन जास्त आहे, ज्याच्या घराजवळ शाळेचं पक्कं मैदान आहे, त्यानं चालणं आधी धरलं तरी माझी हरकत नाही. मीही दसरा झाला, पांदण वाळली की पुन्हा चालायला लागतो. पुड्यावर तारीख मात्र आमच्याकडं बाराही महिने पडते, आणि आता ती आईच टाकते.