७०० स्पाइनचे बाण आणि १०० ग्रेनचे पॉइंट: सात महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर मी पहिले डझनभर कार्बन बाण घेतले, ते ५०० स्पाइनचे. स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो याचा आकडा. दुकानदार म्हणाला, "कडकच घ्या, पुढं धनुष्याचे पाउंड (ओढायला लागणारा जोर) वाढवले तरी चालतील." त्या एका वाक्यापायी माझा तीन महिन्यांचा सराव वाया गेला. नव्यानं रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) घेणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझ्या लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) ३२ पाउंड छापलंय, पण तो आकडा २८ इंच ओढीचा. माझी ओढ २९ इंच. इंचामागं साधारण दोन पाउंड वाढतात. बॅगा मोजायचा डिजिटल काटा दोरीला अडकवून पूर्ण ओढ घेतली, तर १५.४ किलो आलं, म्हणजे ३४ पाउंड. बाण निवडताना हाच आकडा धरायचा, छापलेला नाही.

५०० च्या बाणांनी पहिल्या दिवसापासून त्रास दिला. सुटताना रायझरवर (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर) 'टक्' असा आवाज यायचा. बाण डावीकडं जायचे, साइट (नेम धरायची खूण) सरकवली की २० मीटरवर बसायचे आणि ३० मीटरवर पुन्हा डावीकडं. मी बोटं सोडण्यात चूक शोधत राहिलो. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास एकदा आमच्या प्रशिक्षक सरांनी बाण हातात घेतला, पिसाच्या कडेची घासलेली रेघ बघितली आणि म्हणाले, "तुझा हात ठीक आहे रे. आधी बाण बघ."

मग दोन बाणांची पिसं ब्लेडनं खरवडून काढली आणि २० मीटरवरून पिसांचे व बिनपिसांचे बाण आळीपाळीनं सोडले. बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणांपासून वीतभर डावीकडं घुसला. उजव्या हातानं ओढणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: बाण कडक पडतोय. उजवीकडं गेला असता तर मऊ.

बाण सुटताना माशासारखा वळवळत रायझरला वळसा घालून जातो. पुढं वजन जास्त असेल तर तो जास्त वाकतो, लांबी जास्त असेल तरीही. म्हणून मी ८० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) पॉइंट, म्हणजे बाणाची पुढची टोकं, काढून १००, मग १२० चे लावले, प्लंजरची (बाजूनं बाणाला टेकणाऱ्या बटणाची) स्प्रिंगही ढिली केली. बिनपिसाचा बाण चार बोटं आत आला आणि तिथंच अडकला. पॉइंटच्या वजनानं थोडाफार फरक भरून निघतो, एवढा मोठा नाही.

शंका फेडायला घरीच चाचणी घेतली. २८ इंच अंतरावर दोन टेकू ठेवले, त्यांवर बाण आडवा ठेवला आणि मधोमध ८८० ग्रॅम ज्वारीची पिशवी टांगली. बाण जवळजवळ १३ मिलिमीटर झुकला. ५०० चा अर्थच मुळी अर्धा इंच झुकणं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. बाण छापल्याप्रमाणं बरोबर होते, माझ्या धनुष्याला ते चुकीचे होते. ७०० चा बाण याच वजनाला पावणेअठरा मिलिमीटर झुकतो. आकडा मोठा तेवढा बाण मऊ. नवीन माणूस नेमका इथं फसतो.

फेब्रुवारीअखेर ७०० चे घेतले, साडेएकोणतीस इंचांवर कापून १०० ग्रेनचे पॉइंट लावले. 'टक्' बंद झालं. बिनपिसाचा बाण आता पिसांच्या बाणांत मिसळतो. नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोपणाच्या) खाचेपासून १८ इंचांवर बाण बोटावर तोलतो. तो मध्यापासून सव्वातीन इंच पुढं, म्हणजे लांबीच्या ११ टक्के. उड्डाण शांत आहे.

तरी एक बाण कायम खाली लागायचा. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पॉइंट तोलले. १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम. बाकीचे त्याच्या आसपास भरले, हा एकटा ७.८. पाकिटात १२० चा मिसळला होता. तेव्हापासून प्रत्येक पॉइंट तोलूनच लावतो.

सोलापूरचा मे महिना बाणांनाही सोसत नाही. दुपारी बाण ठेवायची काळी ट्यूब गाडीवर उन्हात राहिली, पॉइंट चिकटवायचा हॉटमेल्ट (उष्णतेनं वितळणारा) गोंद मऊ झाला आणि तीन पॉइंट टार्गेटमध्येच राहिले. पुन्हा लावताना ज्योत पॉइंटला दाखवायची, कार्बनला कधीच नाही. आणि सोडण्याआधी प्रत्येक बाण हलका वाकवून कानाशी धरा. कुरकुर आली की तो बाण बाद. तडकलेला कार्बन बाण सुटताना हातात घुसू शकतो.

स्पाइनवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे असतात. तिथं १०० की १२५ ग्रेनचं ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) हा प्रश्न असतो आणि गणित हेच: टोक जड केलं की बाण मऊ वागतो. तेवढं गणित घ्या, ब्रॉडहेड मागवू नका. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे. नान्नजचा माळढोक वाचवायला अभयारण्य करावं लागलेल्या जिल्ह्यात हे सांगायला नकोच. शिवाय ती पाती टार्गेटच्या चिंध्या करतात.

बारापैकी नऊ बाण अजून धड आहेत. दिवाळीला ३८ पाउंडांचे लिंब घ्यायचा विचार आहे. म्हणजे माझ्या ओढीला ४० पाउंड. तेव्हा ७०० मऊ पडतील, ६०० बघावे लागतील. दोन बिनपिसाचे बाण त्यासाठी बाजूला ठेवलेत.