एडिनबरा की पीएचक्यू-९?

बाळंतिणीला "झोप लागते का?" विचारलं तर ती हसेलच. बाळ दर दोन तासांनी उठवतं! नैराश्य ओळखण्यासाठीच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीची अडचण इथेच आहे. झोप, भूक, थकवा यांचे गुण त्यात सरळ मोजले जातात, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर हे त्रास बहुतेकींना असतातच.

बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली आलेली एडिनबरा प्रश्नावली झोपेचंही विचारते, पण वेगळ्या तऱ्हेने: मन इतकं खिन्न आहे का, की झोपच येत नाही? शिवाय तिच्यात विनाकारण वाटणारी भीती आणि स्वतःला दोष देणंही येतं. प्रश्न १०, गुण ३०पैकी, विचारणा गेल्या ७ दिवसांची. पीएचक्यू-९मध्ये प्रश्न ९, गुण २७पैकी, काळ २ आठवड्यांचा.

पीएचक्यू-९ इतर रुग्णांसाठीही चालते, म्हणून आरोग्य कार्यकर्तीला एकच प्रश्नावली शिकवावी लागते. ही सोय मोठी. तरी घरोघरी तपासणीसाठी मी एडिनबराच निवडेन.

दोन्हींचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो सासूसमोर विचारला की उत्तर "नाही"च येतं. आणि "हो" आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मदत हवी.