चांदीची पट्टी म्हणून आईच्या पायाला काय बांधलं जात होतं

मे महिन्यात आई कोपिनेश्वराच्या देवळात गेली होती. भर दुपार, चपला बाहेर काढलेल्या, फरशी तापलेली. तिला १९ वर्षांपासून मधुमेह आहे, तळपायाची संवेदना जवळजवळ गेलेली. चटका बसला तरी तिला कळलंच नाही. रात्री पाय पुसताना अंगठ्याखालचा फोड मला दिसला. तो फुटला आणि जुलै उजाडला तरी जखम रुपयाच्या नाण्याएवढी उघडीच होती.

एक दिवसाआड ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंगला जायचो. नौपाड्यातून रिक्षा, मग दीड तास बाकड्यावर. तिथेच तो भेटला. पांढरा शर्ट, खांद्याला बॅग, सगळे त्याला ब्रदर म्हणत होते. "मावशींना कशाला एवढं फिरवता ताई? मी घरी येऊन करतो. बाहेरच्या देशातली चांदीची पट्टी आहे, २१ दिवसांत जखम बंद, गॅरंटी." एका पट्टीचे २,४०० रुपये. आईला जिना उतरताना होणारा त्रास मी रोज बघत होते. मी हो म्हटलं.

तो १७ दिवस आला. रोज नवी पट्टी, म्हणजे ४०,८०० रुपये. पैसे कधी रोख, कधी त्याच्या खासगी नंबरवर. बिल मागितलं की "शेवटी एकदम देतो". पाकीट तो दाराबाहेरच फाडायचा आणि रिकामं पाकीट न विसरता बॅगेत टाकायचा. बघा, बाकीचा कचरा, कापूस, जुनी पट्टी आमच्याकडेच सोडायचा. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही त्याने बंद करायला सांगितल्या. "चांदी आहे ना, आता त्यांची गरज नाही."

बाराव्या दिवसापासून मोज्याला वास यायला लागला. जखमेच्या कडा पांढऱ्या, पाण्यात भिजलेल्या बोटांसारख्या झाल्या. तो म्हणाला, घाण बाहेर पडतेय, चांगली खूण आहे. सतराव्या दिवशी आईला थंडी वाजून ताप आला. त्याच संध्याकाळी पलंगाखाली एक पाकीट सापडलं, त्याच्या बॅगेतून निसटलेलं. वर चांदीच्या रंगाचं स्टिकर होतं. कोपरा नखाने उचलला तर खाली साध्या गॉजचं छापील पाकीट, मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली.

सर्जननी जखमेत सळई घातली, ती हाडाला लागली. एक्स-रेत हाडाला जंतुसंसर्ग दिसला. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. पैसे गेले त्याचं दुःख मी विसरेन, त्या १७ दिवसांचं विसरणार नाही.

चांदीची ड्रेसिंग हा प्रकार खोटा नाही, हेही सांगते, कारण आता आमच्या ओळखीतले लोक खऱ्या ड्रेसिंगलाही घाबरायला लागलेत. ओलाव्यात चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सुटतात आणि जखमेवरचे जंतू मरतात. फोम, अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून बनवलेली), असे तिचे प्रकार असतात आणि त्यातल्या बऱ्याच एकदा लावल्या की काही दिवस ठेवता येतात, काही तर ७ दिवसांपर्यंत. तो मात्र रोज बदलत होता, कारण रोज बदलली की रोज २,४००. त्यातल्या एका प्रकाराला सलाइन चालत नाही, शुद्ध पाण्याने ओली करावी लागते, कारण सलाइनमधलं मीठ चांदीला बांधून ठेवतं. तो सलाइनच ओतायचा. आणि सर्जननी स्पष्ट सांगितलं, मधुमेही पायाची जखम नुसत्या चांदीने भरत नाही. साखर ताब्यात हवी, पायाला रक्तपुरवठा हवा, मेलेली कातडी काढायला हवी आणि सगळ्यात आधी त्या जागेवरचा भार हटायला हवा. आमच्याकडे १७ दिवस आई त्याच पायावर स्वयंपाकघरात उभी होती, त्याने एकदाही हटकलं नाही. ४ आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर उपचार नव्याने तपासायचे असतात, हेही तेव्हाच कळलं.

घरी कोणी ड्रेसिंग करत असेल तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा आणि स्वतःकडे ठेवा. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, निर्जंतुक असल्याची नोंद हवी. परदेशी असेल तर आयातदाराचा पत्ता. स्टिकरखाली स्टिकर असेल तर तिथेच थांबा. औषधाच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, म्हणजे भांडायला कागद राहतो. जखमेचा दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. डॉक्टरांच्या गोळ्या ड्रेसिंगवाल्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. माझ्या हातून हे घडलं, म्हणून हात जोडून सांगते.

मी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे, पाकीट पुरावा म्हणून जमा केलंय. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्या ब्रदरचा नंबर तेव्हापासून बंद.

मागच्या आठवड्यात कळव्याहून एका बाईंचा फोन आला. मिस्टरांच्या टाचेला जखम, घरी येणारा ब्रदर, चांदीची पट्टी, २१ दिवसांची गॅरंटी. नाव वेगळं सांगितलं, नंबरही वेगळा. पाकीट कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, "ते तोच घेऊन जातो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मिस्टरांना घेऊन सर्जनकडे गेल्या, मी सोबत होते.