फोल्डस्कोप : विज्ञान प्रकल्पाच्या स्पर्धेला उतरणाऱ्या मुलांच्या हातात द्यावा असा सूक्ष्मदर्शक

शाळेच्या सूचनाफलकावर विज्ञान प्रकल्प स्पर्धेची सूचना लागली की आमच्या इंदूरच्या रामबागेत पालकांची धावपळ सुरू होते आणि बहुतेक वेळा ती तयार मॉडेलपाशी येऊन थांबते. थर्माकोलचा ज्वालामुखी, मोटर बसवलेली पवनचक्की, सगळं जोडून-रंगवून मिळतं. मी वर्षानुवर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलं, अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसले, आणि आता सुट्टीच्या दिवशी आसपासची मुलं प्रकल्पाच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. म्हणून यंदा कुणी विचारायच्या आधीच सांगते, पैसे घालायचेच असतील तर फोल्डस्कोपमध्ये घाला. साधा संच काही शे रुपयांत येतो.

हा कागदाचा सूक्ष्मदर्शक. आयआयटी कानपूरला शिकलेले मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तो घडवला. त्याच्या रचनेचा शोधनिबंध २०१४ साली आला, आणि सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवायचा हे त्यांनी मुळातच ठरवलं होतं. भाग जाड कागदावर छापलेले असतात. ते सुटे करायचे, खुणांप्रमाणे घड्या घालायच्या आणि एकमेकांत अडकवायचे. कागद पाण्याने भिजत नाही, ओढून सहज फाटत नाही. मधे मण्याएवढंही नसलेलं एक गोल भिंग, आणि त्यातून वस्तू १४० पट मोठी दिसते. लेवेनहूक या डच माणसाने सतराव्या शतकात असंच एकच भिंग वापरून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले होते. माझ्याकडची मुलं हे ऐकतात आणि मग घड्या जास्त मन लावून घालतात.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते. शेजारची सातवीतली मुलगी कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीवाल्याकडून वाटीभर आंबलेलं पीठ घेऊन आली. इंदुरात सकाळी ही वस्तू मागायला लाजायचं कारण नाही, त्याने हसत दिलं. आम्ही चमचाभर पीठ कपभर पाण्यात कालवलं, थेंबभर काचपट्टीवर घेतलं, वर पातळ काच ठेवली. आधी नुसते गोल गोल कण दिसले, मैद्याचे कुठले आणि यीस्टचे, म्हणजे पीठ आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचे, कुठले काही कळेना. मग काचेच्या कडेला टिंक्चर आयोडिनचा थेंब सोडला. रंग आत सरकत गेला आणि मैद्यातल्या स्टार्चचे कण एकामागून एक निळे-काळे होत गेले. त्यांच्यामध्ये लहान, फिकट पिवळसर ठिपके तसेच राहिले. तेच यीस्ट. फोन भिंगाला लोहचुंबकाने चिकटवून फोटो मोठा केला, तेव्हा एकाला बाजूने कोंब फुटल्यासारखा फुगवटाही दिसला. तिने लगेच विचारलं, "काकू, पहाटे पीठ भिजवलं तेव्हा हे कमी असतील ना?"

हा प्रश्न म्हणजे प्रकल्पच. दर दोन तासांनी नमुना घ्या, दर वेळी पाणी तेवढंच घाला, भिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळातले फिकट ठिपके मोजा. अशी दहा वर्तुळं मोजून सरासरी काढा. थंडीत आणि उन्हाळ्यात किती फरक पडतो ते बघा. आकार सांगायचा असेल तर शेजारी स्वतःचा एक केस ठेवा. केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, त्यावरून अंदाज येतो.

मर्यादा सांगायलाच हव्यात, नाहीतर मुलं हिरमुसतात. एकाला विरजणातले जीवाणू बघायचे होते. ते जेमतेम एक मायक्रॉन जाडीचे, आणि फोल्डस्कोपला दोन मायक्रॉनच्या खालचं वेगळं ओळखू येत नाही. तिथे शाळेचा मोठा सूक्ष्मदर्शकच हवा. कांद्याचा पापुद्रा, जास्वंदीचे काटेरी परागकण, बुरशीचे धागे, तळ्यातली शेवाळं मात्र छान दिसतात. आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावाला २०२२ साली रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत स्थान मिळालं, त्यामुळे तिथल्या पाण्याचा महिन्यागणिक अभ्यास हाही उत्तम विषय आहे, फक्त पाण्याजवळ मोठं माणूस बरोबर हवं. उजेड कमी पडला तर चित्र धूसर येतं, तेव्हा पांढऱ्या भिंतीकडे किंवा दिव्याकडे धरायचं. सूर्याकडे कधीच धरायचं नाही, डोळ्याला इजा होईल. हे मी प्रत्येक मुलाकडून बोलून घेते.

स्पर्धांबद्दल दोन शब्द. राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेस १९९३पासून भरते, १० ते १७ वयाची मुलं भाग घेऊ शकतात, आणि प्रकल्प आपल्या परिसरातल्या प्रश्नावरचा असावा लागतो. जिलबीचं पीठ काय, सिरपूरचं पाणी काय, दोन्ही चालतील, त्या वेळचा मुख्य विषय तेवढा आधी बघून घ्या. इन्स्पायर मानक ही केंद्र सरकारची शाळकरी मुलांसाठीची योजना वेगळी. तिथे शाळेमार्फत नवी कल्पना पाठवायची असते, निवड झाली तर १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. म्हणजे तिथे "मी हे पाहिलं" पुरत नाही, त्या निरीक्षणावरून एखादी उपयोगी वस्तू किंवा पद्धत सुचवावी लागते.

परीक्षकाच्या खुर्चीतून सांगते, "हे तू कशावरून म्हणतोस?" हा प्रश्न हमखास येतो. विकतच्या मॉडेलमागे उभं असलेलं मूल तिथे आईकडे बघतं, आणि मला त्या मुलाचं फार वाईट वाटतं, कारण त्यात त्याचा काही दोष नसतो. ज्याने स्वतः मोजलंय ते मूल वही उघडतं. म्हणून तारीख, वेळ, आकडा रोज लिहा. एखाद्या दिवशी काहीच दिसलं नाही तर तेही लिहा, खाडाखोड झाली तरी पान फाडू नका.

ज्यांना यंदा नाव द्यायचंय त्यांनी आधी आपल्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना गाठून शेवटची तारीख विचारा, ती शाळेगणिक आधीची असू शकते. दोघांत एक फोल्डस्कोप पुरतो, एकाने बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. आयोडिन आणि काचपट्ट्या माझ्याकडे आहेत, पीठ तुम्ही आणा.